डूसेनबर्ग, स्टॉर्म आणि मधला सोलापूरकर

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनजवळ एक लाल मॅक्सवेल मोटार आली आणि एका स्टुडबेकरला धडकली. स्टुडबेकरमध्ये अब्दुल कादर बावला हा धनाढ्य व्यापारी होता आणि त्याच्यासोबत मुमताज बेगम, इंदूर दरबारातून निसटून आलेली नर्तकी. मॅक्सवेलमधून उतरलेल्या माणसांनी बावलाला गोळ्या घातल्या. मुमताजला ओढून न्यायचा त्यांचा बेत होता, पण गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथे पोचले. त्यांतल्या एकाने गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपून काढलं. तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा, असा पेच तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी गादी सोडली. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा यशवंतराव इंदूरचा महाराजा झाला.

ज्याचं राज्यच दोन मोटारींच्या टकरीतून सुरू झालं, त्या यशवंतरावांचं नाव आज जगात दोन गोष्टींसाठी घेतलं जातं: त्यांचा माणिकबाग महाल आणि त्यांच्या मोटारी. शिक्षण इंग्लंडात, ऑक्सफर्डपर्यंत. राज्याचा पूर्ण अधिकार हाती आला तो १९३० च्या मे महिन्यात. आम्हा सोलापूरकरांना हा महिना वेगळ्या कारणाने पाठ आहे. गिरण्यांचं हे गाव तेव्हा रस्त्यावर उतरलं होतं. ८ मे ला गोळीबार झाला, पुढचे काही दिवस गावात इंग्रजांचा अंमल चालेनासा झाला आणि १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना पुढच्या वर्षी, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात फाशी दिली. इकडे हे चाललेलं असताना तिकडे इंदूरला तरुण महाराज एकार्ट मुथेशियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून नव्या ढंगाचा महाल बांधून घेण्याच्या तयारीत होते. होळकर आम्हाला परके नाहीत. पंढरपुरात होळकर वाडा आहे, आमच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे. म्हणूनच या दोन चित्रांमधलं अंतर जास्त टोचतं.

महाराजांची आवड मात्र अस्सल होती. कोन्स्तांतिन ब्रांकुशीकडून त्यांनी शिल्पं घेतली, मॅन रेकडून आपली आणि महाराणी संयोगितादेवींची छायाचित्रं काढून घेतली. मोटारींच्या बाबतीतही बहुतेक संस्थानिकांसारखा चांदीने मढवलेला रथ त्यांना नको होता. त्यांना वेग हवा होता, आणि गाडी स्वतः चालवायची होती. बेंटली झाली, हिस्पानो-सुइझा झाली. मग १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातून एक चासी मागवली: डूसेनबर्ग एसजे.

फ्रेड आणि ऑगी हे डूसेनबर्ग बंधू जन्माने जर्मन. लहानपणीच अमेरिकेत आले, आयोवात वाढले. सायकली, सायकलींच्या शर्यती, मग मोटारी आणि मोटारींच्या शर्यती असा त्यांचा प्रवास. १९२१ मध्ये ल मान्स इथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने डूसेनबर्गमधून जिंकली. अमेरिकन गाडीने युरोपातली ग्रां प्री जिंकायची ती पहिलीच वेळ. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली. धंद्याचं गणित मात्र भावांना कधीच जमलं नाही. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं, जगातली सर्वोत्तम गाडी बनव, किमतीचं मी बघतो. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आली. सरळ रांगेतले आठ सिलिंडर, ६.९ लिटर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. कारखान्याचा दावा २६५ अश्वशक्तीचा. १९३२ मध्ये तिला सुपरचार्जर जोडला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि दावा ३२० वर गेला. तीच ‘एसजे’. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेड स्वतः पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरी रस्त्यावर डूसेनबर्ग चालवताना अपघातात जखमी झाला आणि त्यातच वारला.

कारखाना गिऱ्हाइकाला नुसती चासी विकायचा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, पुढचा चेहरा त्याचा. अंग कुणाकडून घालून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. साध्या ‘जे’ची अशी नागडी चासी महामंदीच्या काळात ९५०० डॉलरला होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचवीस हजारांहून जास्त रुपये. फोर्डची आख्खी गाडी त्या दिवसांत पाचशे-सहाशे डॉलरला मिळायची. सगळी मिळून ‘जे’ जातीची पाचशेसुद्धा वाहनं बनली नाहीत, आणि त्यांत सुपरचार्जरवाल्या अगदी मोजक्या. यशवंतरावांनी आपल्या चासीवर अंग चढवायला ती लंडनच्या गर्नी नटिंगकडे दिली. हे बेंटली आणि रोल्स-रॉईसचे नावाजलेले कारागीर. त्यांनी तिला दोन माणसांपुरतं, मागे नावेच्या नाळेसारखं निमुळतं होत गेलेलं अंग घातलं. रंग काळा आणि केशरी. पुढे लांबलचक बॉनेट आणि त्याच्या कुशीतून बाहेर डोकावणाऱ्या, क्रोम चढवलेल्या जाड लवचिक नळ्या. दोन माणसं बसायची आणि गाडी सहा मीटरच्या घरात. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या कोणत्याही बोळात ती शिरली असती तर वळली नसती. मागच्या मागे काढावी लागली असती.

तिचा डॅशबोर्ड जरा जवळून बघण्यासारखा आहे. दीडशे मैलांपर्यंत आकडे असलेला स्पीडोमीटर, आरपीएमचा काटा, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र, शर्यतीतली फेरी मोजता यावी म्हणून सेकंद थांबवता येणारं घड्याळ. आणि या सगळ्यांत चार बारीक दिवे. चासीच्या सांध्यासांध्याला वंगण पोचवणारा एक पंप ठराविक मैलांनी आपोआप चालायचा, तो चालू असला की एक दिवा लागायचा. वंगणाची टाकी रिकामी झाली की दुसरा. सातशे मैल झाले की तिसरा सांगायचा, इंजिनचं ऑइल बदला. त्याच्या दुप्पट झाले की चौथा, बॅटरीचं पाणी बघा. हे ‘जे’ जातीत १९२८ पासूनच. आमच्याकडच्या गाड्यांना ‘सर्व्हिसिंगची वेळ झाली’ असं स्वतःहून सांगायला पुढे पाऊणशे वर्षं लागली.

या गाडीला इंदुरात खरं काम काय होतं, असा प्रश्न पडतोच. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ॲब जेंकिन्सने एक खास बांधलेली एसजे सलग चोवीस तास पळवली आणि ताशी १३५ मैलांची सरासरी काढली, म्हणजे २१७ किलोमीटर. तसली गाडी इंदूर-महू रस्त्यावर बैलगाड्यांमधून न्यायची! सुटा भाग हवा तर तार इंडियानापोलिसला, आणि १९३७ मध्ये तो कारखानाही बंद पडला. गाडी पुढे अमेरिकेलाच परत गेली. तिथल्या संग्राहकांच्या जगात आजही तिला ‘महाराजांची डूसेनबर्ग’ म्हणूनच ओळखतात.

यावरून संस्थानिकांना सरसकट उधळे ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. यशवंतरावांचेच पणजोबा तुकोजीराव दुसरे. त्यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, आणि इंदुरात कापडगिरणी काढली होती. पैसा तोच, घराणं तेच. पणतवाच्या वेळेपर्यंत मात्र पैशाला कामाला लावणारी माणसं दरबारात उरली नव्हती. ती दरबाराबाहेर, गावोगाव तयार होत होती. त्यांतला एक सोलापूरचा.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. तो त्यांना पसंत नव्हता. रेल्वेतली कारकुनी सोडून आलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, त्यांत बार्शी लाइट रेल्वेचं काम होतं. नवी पेठेच्या बाजारात आजही धंद्याची गोष्ट निघाली आणि कुणी जरा मोठी उडी मारायची भाषा केली की वालचंदांचं नाव हटकून निघतं. कधी कौतुकाने, कधी ‘तू काय वालचंद लागून गेलास का’ म्हणून. आमच्या बाजाराचा पिंड रोखीचा. माल आणला, विकला, दिवाळीला वही बदलली. चार-सहा वर्षं पैसा अडकवून मग यंत्र चालू होईल, त्यातून मग कधीतरी माल निघेल, हा हिशेब इथे सहसा कुणी मांडत नाही. वालचंदांनी आयुष्यभर तोच मांडला.

त्यांच्या पहिल्या मोठ्या उडीत एक मराठा संस्थान आहेच. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची जुनी बोट पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेऊन रुग्णनौका म्हणून वापरायला दिली होती आणि तिचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ती ग्वाल्हेरकडून विकत घेतली, आपल्या जहाज कंपनीला शिंद्यांचं नाव दिलं आणि ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पुढे १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली तेव्हा म्हैसूर संस्थानाने वालचंदांच्या बरोबरीने पैसा घातला. विमानांच्या या कारखान्याची बोलणी सुरू झाली तीसुद्धा एका विमानप्रवासात, विल्यम पॉली या अमेरिकन दलालाशी भेट झाली म्हणून.

मोटारीचं घोडं मात्र वर्षानुवर्षं अडलं. मोटारी देशात जोडल्या जात होत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सची जोडणी १९२८ पासून चालू होती. सुटे भाग पेटीतून यायचे, इथे नटबोल्ट आवळून गाडी बाहेर पडायची. वालचंदांना आणि त्यांच्याबरोबर ही योजना आखणाऱ्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना इथे घडवलेली गाडी हवी होती. मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ अनुकूल होतं. दिल्लीचं सरकार नव्हतं. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डकडे गेले, तिथे डाळ शिजली नाही; शेवटी क्रायस्लर तयार झाली. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने हात वर केले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं निघाली: डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो ट्रक. म्हणजे ज्या काळात इंदूरचा राजा अमेरिकेतून एक अफलातून गाडी मागवत होता, त्याच काळात सोलापूरचा एक व्यापारी अमेरिकेतून कारखाना मागवायच्या खटपटीला लागलेला होता. राजाचं काम एका पत्रात झालं. व्यापाऱ्याचं व्हायला दहा-बारा वर्षं लागली.

क्रायस्लरच्या अवजड गाड्या आपल्या रस्त्याला आणि खिशाला पेलणाऱ्या नव्हत्या. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. वालचंद ती बघायला नव्हते; ८ एप्रिल १९५३ ला ते वारले. त्याच सुमारास टॅरिफ कमिशनने नुसती जोडणी करणाऱ्यांना सांगितलं की भाग इथे बनवा नाहीतर जा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. राहिल्या प्रीमियर, हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड.

फियाट ११०० म्हणजेच पुढची प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासूनची पद्मिनी. नवी पेठेत जुन्या काळी ज्या थोड्या कापडवाल्यांच्या दारात चारचाकी दिसायची, त्यांत ही असायची. पहिल्या फियाटची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागे. पोरांना त्याचंच अप्रूप. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आडवा, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघं आरामात, आणि चौथा बसला तर त्याचे गुडघे वाचवत गिअर टाकायचा. थंडीत सकाळी चोक ओढायचा, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, किल्ली फिरवायची. चालू झालीच तर चोक हळूहळू आत सारत न्यायचा, नाहीतर पेट्रोलच्या वासाने दुकानातलं गिऱ्हाईक शिंकायला लागे. ड्रायव्हर लोक या इंजिनाला मान द्यायचे, कारण ते कुठेही, कुणाकडूनही दुरुस्त व्हायचं.

आता या इंजिनाची कुळी बघा. १०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. फियाटने हे माप १९३० च्या दशकात ठरवलं. युद्ध संपल्यावर तुरिनच्या पिएरो दुसिओ या उद्योगपतीने याच इंजिनाला हात फिरवून सिसितालिया नावाच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या काढल्या. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत, हजार मैलांच्या, वयाने पिकलेला आणि प्रकृतीने खंगलेला ताझिओ नुव्होलारी सिसितालिया घेऊन उतरला आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकत दुसरा आला. सिसितालिया २०२ ला पिनिनफारिनाने घातलेलं अंग इतकं नितळ होतं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये ‘आठ मोटारी’ नावाचं प्रदर्शन भरवलं तेव्हा तिला त्यात जागा मिळाली, आणि आज ती त्या संग्रहालयाच्या मालकीची आहे. म्हणजे काळबादेवीत भाडं मारणाऱ्या पद्मिनीच्या आणि कलासंग्रहालयात मांडलेल्या गाडीच्या इंजिनाचं माप एकच. सख्खं नसेल, पण नातं चुलत तरी नक्की.

मग कुर्ल्यात सिसितालिया का झाली नाही? हातात कसब नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. मद्रासजवळ सोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे आपल्या पोरांनी फियाट आणि स्टँडर्डच्या हेराल्ड अक्षरशः उकलून परत बांधल्या आणि जीव तोडून पळवल्या. कारण दुसरीकडे आहे. १९५१ च्या उद्योग कायद्याने कोणी काय आणि किती बनवायचं ते दिल्लीत ठरू लागलं. मोटार ही चैन. परवाना मिळेल तेवढ्याच गाड्या काढायच्या. गाडीसाठी गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून उभं होतं. ज्याचा माल बनण्याआधीच विकला गेलाय त्याने बॉनेट दोन इंच खाली का आणावं? ज्या फियाटने आपल्याला ११०० दिली, तिने स्वतः १९६९ मध्ये ते मॉडेल बंद केलं. आपण ते २००० पर्यंत काढत राहिलो. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून.

१९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन उठलं. परदेशी कंपन्या रांग लावून आल्या आणि सगळ्यांनी चार दारांच्या घरगुती गाड्या आणल्या, ते साहजिकच. स्पोर्ट्स गाडी आणली ती मोटारी कधीच न बनवलेल्या एका कंपनीने. बंगळूरची सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह. सुरी आणि नायर ही दोन आडनावं जोडून ‘सॅन’ हे नाव झालेलं, आणि धंदा काय, तर कारखान्यांच्या आवारात वाघिणी ढकलणारी छोटी डिझेल रेल्वे इंजिनं. नव्वदच्या दशकात तिची सूत्रं मिलिंद थत्ते यांच्याकडे होती. त्यांनी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचा छोटा कारखाना टाकला आणि दशकाच्या अखेरीला तिथून बाहेर आली ती ‘स्टॉर्म’: दोन माणसांची, उघड्या छपराची, कमरेएवढी बुटकी.

स्टॉर्मचं अंग फायबरचं. याची टिंगल खूप झाली, बाथटब म्हणून. पण त्यामागचा हिशेब रोखठोक होता. पत्र्याचं अंग ठोकायचं तर पोलादी साचे लागतात, त्यांची किंमत कोटींत जाते आणि ती वसूल व्हायला हजारोंनी गाड्या खपाव्या लागतात. फायबरचा साचा हातानेही करता येतो. वर्षाला शे-दोनशे गाड्या काढणाऱ्याला तोच परवडतो. इंग्लंडातल्या लोटसने सबंध नाव याच मार्गाने कमावलं. इंजिन रेनोचं, क्लिओ या तिच्या छोट्या गाडीतलं. ११४९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, अश्वशक्ती साठ. पद्मिनीचं इंजिन १०८९ आणि चाळिसेक. फक्त साठ सीसीचा फरक. सोलापूरच्या माणसाने सुरू केलेला कारखाना आयुष्यभर ज्या मापाचं इंजिन बनवत राहिला, जवळजवळ त्याच मापाचं इंजिन गोव्यातल्या कारखान्याला स्पोर्ट्स गाडीसाठी फ्रान्सहून आणावं लागलं.

डूसेनबर्ग आणि स्टॉर्म शेजारी उभ्या केल्या तर हसू येईल. एकीकडे ६.९ लिटर, ३२ व्हॉल्व्ह, दोन टनांहून जास्त वजन. दुसरीकडे शिवणयंत्रासारखं गुणगुणणारं इंजिन आणि टनाच्या आतलं अंग. पण लिटरमागे घोडे मोजा. डूसेनबर्गला सुपरचार्जर लावून, कारखान्याचा दावा जसाच्या तसा धरूनही, लिटरमागे ४६ येतात. स्टॉर्मच्या साध्या, बाजारहाटाच्या इंजिनाला ५२. मधल्या सत्तर वर्षांत धातू, पेट्रोल आणि इंधन मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक्स इतकी सुधारली की इंडियानापोलिसच्या विजेत्यांची करामत फ्रान्समध्ये भाजी आणायच्या गाडीत येऊन बसली. मला विचाराल तर गाडी म्हणून स्टॉर्म चालवायला जास्त मजा येत असणार. आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर हलकी गाडी हवी. तीनशे घोडे बॉनेटखाली कोंडून महूला जाण्यात मिरवणं आहे, चालवणं नाही.

पण अस्सलपणाच्या कसोटीला डूसेनबर्ग कितीतरी वर. तिच्या एकेका व्हॉल्व्हमागे शर्यतीच्या मैदानात पोळलेली वर्षं होती. जर्मन बापाच्या पोटी जन्मलेल्या दोन सायकलवाल्या भावांना आयोवात गॅरेज मिळालं, इंडियानात मैदान मिळालं, इंजिन ओतायला लायकमिंगसारखी भट्टी मिळाली, पैसा घालायला कॉर्ड मिळाला. स्टॉर्मच्या मागे यांतलं काहीच नव्हतं. शर्यतीचा इतिहास नाही, सुटे भाग करून देणारे छोटे कारखाने नाहीत, दुरुस्तीचं जाळं नाही, आणि गिऱ्हाइकाला मारुतीच्या किमतीच्या वर पैसे देऊन दोनच माणसं नेणारी गाडी का घ्यावी हे पटवणारी सवय नाही. तरी ती बनली, आणि इथे बनली, याचं मला डूसेनबर्गपेक्षा जास्त कौतुक आहे. खपली फारच थोडी. निर्यातीची स्वप्नं होती, सुधारून परत आणायचे प्रयत्न झाले, पण गाडी रस्त्यावर दिसेल इतकी कधी झाली नाही. नवी पेठेत कुणी स्टॉर्म आणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणली असती तर बोळात वळली मात्र असती.

यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत वारले. तोवर संस्थान मध्य भारतात विलीन होऊन तेरा वर्षं लोटली होती.  प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या जागेवर आज मोटारी बनत नाहीत.

स्टॉर्मनंतरचा गाजलेला प्रयत्न मोटारींचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांचा. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ‘अवंती’ दाखवली, अमिताभ बच्चन यांच्या उपस्थितीत. रुंद, जमिनीला टेकलेली, दोन दारांची, इंजिन माणसांच्या पाठीमागे. बांधणी पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडायला आणखी तीनेक वर्षं गेली आणि तेव्हा किंमत तीस लाखांच्या पुढे होती. इंजिन परत रेनोचंच: दोन लिटर, टर्बो, अश्वशक्ती २५०. इंदूरच्या गाडीच्या कारखान्याने त्याच्या ऐंशी वर्षं आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा सत्तरने कमी.